चेंडू किती उसळतो? शाळेच्या गटाचं पहिलं विज्ञान प्रदर्शन

विज्ञान प्रदर्शनाची सूचना वर्गात वाचली गेली की मधल्या सुट्टीत एकच प्रश्न ऐकू येतो, "मॉडेल कशाचं करायचं?" कुणी ज्वालामुखी म्हणतं, कुणी पवनचक्की, कुणी सूर्यमाला. थर्माकोल येतो, रंग येतात आणि पंधरा दिवसांनी टेबलावर एक देखणी प्रतिकृती उभी राहते. परीक्षक येतात, कौतुकाने बघतात आणि विचारतात, "यातून तुम्ही काय शोधलंत?" गट एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतो.

मी बरीच वर्षं शाळकरी गटांबरोबर काम केलं आहे आणि परीक्षक म्हणूनही टेबलं फिरलो आहे. दोन्हीकडून मला एकच गोष्ट दिसली. मुलांना स्वतःला पडलेला लहानसा प्रश्न, तो नीट मोजून सोडवलेला, आणि गटातल्या प्रत्येकाला तळापासून कळलेला असला की प्रकल्प उभा राहतो. प्रतिकृती करायला हरकत नाही, पण ती प्रश्नाच्या मागून यावी.

पुढच्या सगळ्या पायऱ्या मी एकाच उदाहरणावर सांगणार आहे: भरीव रबरी चेंडू थंड असताना कमी आणि गरम असताना जास्त उसळतो का? तुमचा विषय वेगळा असेल. वाचताना चेंडूच्या जागी आपला विषय ठेवून बघा.

नियमपत्रक आधी, कल्पना नंतर

हाती आलेलं नियमपत्रक गटाने एकत्र बसून मोठ्याने वाचावं. गटात किती जण चालतात, वयाची किंवा इयत्तेची अट काय, नोंदणीची शेवटची तारीख कोणती, टेबल केवढं मिळणार, वीज मिळणार का, कोणते अर्ज आधी द्यायचे, या सहा गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. स्पर्धेगणिक नियम बदलतात आणि वर्षागणिकही बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या ताईदादांनी सांगितलेल्या आठवणींवर विसंबू नका.

मोठ्या स्पर्धा किती काटेकोर असतात याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो. १९५० साली फिलाडेल्फियात सुरू झालेला आणि आज आयसेफ या नावाने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय मेळावा शाळकरी संशोधनाचा सर्वांत मोठा मेळावा मानला जातो. तिथे गटात जास्तीत जास्त ३ विद्यार्थी चालतात आणि प्रकल्पाचा सारांश २५० शब्दांत बसवावा लागतो. माणसांवर किंवा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर काही करायचं असेल, तर प्रयोगाला हात लावण्याआधी लेखी मंजुरी लागते. घरी जिवाणू किंवा बुरशी वाढवायला तर पूर्ण बंदी आहे. मांडणीच्या टेबलावर जिवंत रोप चालत नाही, माती चालत नाही, साधं पाणीही चालत नाही. त्यांचे फोटो लावायचे.

हे वाचून घाबरू नका. शाळेच्या पातळीवरचे नियम बहुधा सोपे असतात. पण "आधी मंजुरी" ही अट कुठेही असू शकते. वर्गातल्या ३० मुलांना प्रश्नावली भरायला देणं हाही माणसांवरचा अभ्यासच आहे. काम झाल्यावर सही मागायला गेलात तर अख्खा प्रकल्प बाद होऊ शकतो. ती वेळ आलेल्या गटांचे चेहरे मी पाहिले आहेत, म्हणून हे इतक्या आवर्जून सांगतो.

गट जमवताना

मैत्री असली की गट चांगला चालतो असं नाही. तीन जिवलग मित्र तिघेही चित्रं काढण्यात पटाईत आणि तिघांनाही आकडेमोडीचा कंटाळा, असं असेल तर पंचाईत होते. तिघांत एकजण हाताने नीट काम करणारा, एकजण चिकाटीने नोंदी ठेवणारा आणि एकजण "पण असं का?" विचारून भंडावून सोडणारा, असे स्वभाव एकत्र आले तर फार छान. भंडावणारा सभासद सुरुवातीला नकोसा वाटतो, पण परीक्षक जे विचारणार ते तो महिनाभर आधीच विचारून टाकतो.

कामं वाटून घ्या, पण ती कायमची वाटू नका. आमच्या चेंडूच्या प्रयोगात एकाने चेंडू सोडायचा, एकीने वेळ आणि तापमान लिहायचं, एकाने चित्रफितीवरून उंची वाचायची. दर आठवड्याला ही कामं फिरवायची. याने दोन गोष्टी होतात: एकजण आजारी पडला तरी काम थांबत नाही, आणि परीक्षकांनी कुणालाही काहीही विचारलं तरी उत्तर येतं. फिरवताना एक दक्षता मात्र घ्या. चेंडू सोडण्याची पद्धत माणसागणिक बदलते, म्हणून कोणत्या दिवशी कोणी सोडला हे वहीत आलंच पाहिजे.

गटात एक गप्प मूल असतंच. पुढे बोलणाऱ्यांच्या गर्दीत त्याचं म्हणणं राहून जातं. दर बैठकीच्या शेवटी प्रत्येकाने एक शंका सांगायची, असा साधा नियम केला तर त्याचाही आवाज निघतो. आणि अनेकदा सर्वांत मोलाचं निरीक्षण त्याच्याचकडे असतं, कारण इतर बोलत असताना ते बघत असतं.

मार्गदर्शक शिक्षकांकडे प्रश्न घेऊन जा, उत्तर मागायला जाऊ नका. "सर, आम्ही काय करू?" यापेक्षा "सर, आम्हाला या दोन पद्धती सुचल्या, पहिलीत ही अडचण वाटते, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलंत तर मिळणारी मदत दसपट उपयोगी असते. पालकांनी गरम पाणी ओतावं, करवत चालवावी, साहित्य आणून द्यावं. फलकावरचं वाक्य मात्र मुलांचंच असावं. मोठ्यांनी लिहून दिलेलं वाक्य दोन प्रश्नांत उघडं पडतं आणि त्याचा त्रास त्या मुलालाच होतो.

प्रश्न लहान करत न्या

"रबराचे गुणधर्म" हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. "तापमानाचा रबरावर परिणाम" थोडं जवळ आलं. "एकाच प्रकारचा भरीव रबरी चेंडू १ मीटर उंचीवरून सोडला, तर ५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात त्याच्या पहिल्या उसळीची उंची कशी बदलते?" हा प्रश्न. त्यात काय बदलायचं (तापमान), काय मोजायचं (उसळीची उंची) आणि काय तेच ठेवायचं (चेंडूचा प्रकार, सोडण्याची उंची, जमीन) हे तिन्ही दिसतं.

भरीव चेंडूच का, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. पोकळ चेंडू तापवला तर आतल्या हवेचा दाबही वाढतो. मग उसळी वाढली ती रबरामुळे की हवेमुळे, हे सांगता येत नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की उत्तर हातातून निसटतं. स्क्वॉशचे खेळाडू सामन्याआधी चेंडू मारून मारून गरम करतात, कारण थंड चेंडू फारसा उसळत नाही. पण तो चेंडू पोकळ असतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथे थेट मिळत नाही.

आपला प्रश्न पुरेसा लहान झाला का, हे तपासायची माझी एक कसोटी आहे: प्रयोग करण्याआधीच निष्कर्षाच्या आलेखाचे दोन अक्ष काढता येतात का? आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर उसळी. अक्षांना नावं देता आली नाहीत, तर प्रश्न अजून धूसर आहे.

मग अंदाज लिहा, कारणासकट. "आम्हाला वाटतं, उसळी वाढेल, कारण थंडीत रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या सहज हलत नाहीत आणि आदळताना जास्त ऊर्जा उष्णतेत जाते." अंदाज चुकला तरी गुण जात नाहीत. चुकलेला अंदाज खोडून नंतर बरोबर अंदाज लिहिला, तर मात्र सगळंच जातं.

नोंदवही

शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. पानांना आधीच क्रमांक घाला. पेनाने लिहा, चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावं.

आकड्यांइतकीच महत्त्वाची असतात ती अवतीभोवतीची वाक्यं. "आज खिडकी उघडी होती." "तिसऱ्या वेळी चेंडू फरशीच्या सांध्यावर पडला." "थर्मामीटर बदलला." ही वाक्यं लिहिताना निरर्थक वाटतात. तीन आठवड्यांनी एखादा आकडा विचित्र दिसतो तेव्हा तीच उपयोगी पडतात. घरी जाऊन सुवाच्य अक्षरात वही पुन्हा लिहून काढण्याचा मोह टाळा. पाण्याचे डाग पडलेली, घाईत लिहिलेली वही परीक्षकांच्या हातात दिलीत तर ते ती आवडीने चाळतात. मी स्वतः फलकाआधी वहीच मागतो.

चाचणी फेरी आणि मग खरं मोजमाप

आठ आठवडे हाताशी असतील तर पहिले दोन प्रश्न आणि परवानग्यांसाठी, तिसरा चाचणीसाठी, पुढचे तीन मोजण्यासाठी, सातवा आलेखासाठी आणि आठवा बोलण्याच्या सरावासाठी ठेवा. चाचणीचा आठवडा बहुतेक गट गाळतात आणि मग मोजमापाच्या मध्यावर पद्धत बदलावी लागते. पद्धत बदलली की आधीचे आकडे वाया.

चेंडूच्या प्रयोगात चाचणीत काय काय कळतं ते बघा.

पहिलं, उंची कुठून मोजायची? चेंडूच्या तळापासून, सोडतानाही आणि उसळल्यावरही. एकदा तळ आणि एकदा मधला भाग धरला, तर दर वेळी अर्ध्या चेंडूची चूक होते.

दुसरं, डोळ्यांनी उसळी वाचता येत नाही. मोबाइलवर चित्रफीत घ्या. "स्लो मोशन" लागेलच असं नाही, आणि त्यामागचं कारण मुलांनी स्वतः काढलं तर त्यांना फार आनंद होतो. उसळीच्या टोकाला चेंडू क्षणभर जवळजवळ थांबलेला असतो. साध्या चित्रफितीत सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे खऱ्या टोकापासून सर्वांत जवळची चौकट फार तर सेकंदाचा साठावा भाग दूर असते. तेवढ्या वेळात टोकावरून चेंडू खाली येतो तो साधारण १.४ मिलिमीटर. आपल्या मोजपट्टीला तेवढी चूक चालते.

तिसरं, मोबाइल कुठे ठेवायचा? समजा कॅमेरा चेंडूपासून १ मीटर लांब आहे, मोजपट्टी चेंडूच्या १० सेंटिमीटर मागे भिंतीवर आहे आणि चेंडूचं टोक कॅमेऱ्याच्या पातळीपेक्षा २० सेंटिमीटर वर आहे. मग पट्टीवर ते २२ सेंटिमीटर वर दिसेल. दोन सेंटिमीटरची चूक आणि कुणाला पत्ताही नाही! उपाय सोपा: कॅमेरा उसळीच्या अपेक्षित उंचीवर आणून ठेवायचा आणि चेंडू पट्टीच्या शक्य तितक्या जवळ सोडायचा.

चौथं, तापमान. रबर उष्णतेचं मंदवाहक आहे. पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवलेल्या चेंडूचा पृष्ठभाग गरम होतो, गाभा तसाच राहतो. किमान अर्धा तास ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे तो ओला होणार नाही. बाहेर काढल्यापासून सोडेपर्यंत १० सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका आणि ही वेळही लिहा. ४५ अंशांचं पाणी मोठ्या माणसाने ओतावं.

आता आराखडा. पाच तापमानं घेतली: ५, १५, २५, ३५ आणि ४५ अंश. वेळ वाचावा म्हणून पाच चेंडू आणले आणि एकेक चेंडू एकेका तापमानाला नेमून टाकला, तर? पाच चेंडू दिसायला सारखे असले तरी एखादा जन्मतःच जास्त उसळणारा असू शकतो. मग फरक चेंडूचा की तापमानाचा? म्हणून चेंडूंवर क्रमांक लिहा आणि त्यांना फिरवा. पहिल्या दिवशी १ क्रमांकाचा चेंडू ५ अंशांत, २ क्रमांकाचा १५ अंशांत, असं करत जा. दुसऱ्या दिवशी सगळे एक घर पुढे. पाच दिवसांत प्रत्येक चेंडू प्रत्येक तापमानात एकदा बसतो आणि प्रत्येक दिवशी प्रत्येक तापमान एकदा येतं. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत असताना जमिनीच्या कसातला फरक पिकांच्या तुलनेत घुसू नये म्हणून अशाच मांडण्या वापरत. शाळेतल्या मुलांना ती अर्ध्या तासात समजते. पाच बाय पाचचा चौरस वहीत काढून दिला की त्यांना ते कोडं सोडवल्यासारखंच वाटतं. प्रत्येक घरात दोन वेळा चेंडू सोडला, तर एकूण ५० नोंदी होतात. दुसऱ्या वेळेआधी चेंडू पुन्हा पाण्यात ठेवायला विसरू नका.

एक शेवटची दक्षता, जी मला फार महत्त्वाची वाटते. चित्रफितीवरून उंची वाचणाऱ्याला तापमान माहीत नसावं. फायलींना फक्त क्रमांक द्या, तापमानाची यादी दुसऱ्याकडे ठेवा. "गरम चेंडू जास्त उसळणार" हे मनात असलं की डोळा नकळत अर्धा सेंटिमीटर वर वाचतो. यात लबाडी नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवतो अशी ख्याती होती; तो खूर आपटून उत्तर द्यायचा. मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासलं तेव्हा दिसलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल आणि घोड्याला तो दिसत असेल, तरच उत्तर बरोबर येतं. माणसाच्या अंगाची नकळत होणारी बारीक हालचाल बघून घोडा थांबत होता. १९०७ साली प्रसिद्ध झालेली ती तपासणी आजही वाचण्यासारखी आहे, कारण मालक प्रामाणिक होता आणि तरीही फसला होता.

आकडे हाती आल्यावर

समजा, २५ अंशांच्या काही नोंदी अशा आल्या: ५६, ५७, ५५, ५६, ४८, ५७ सेंटिमीटर. ४८ बघून सगळ्यांचा पहिला विचार असतो, "हा काढून टाकू." थांबा. वही उघडा. तिथे "फरशीच्या सांध्यावर पडला" असं लिहिलेलं असेल, तर तो आकडा बाजूला ठेवायला कारण आहे. तसं फलकावर सांगा. काही लिहिलेलं नसेल तर आकडा राहू द्या आणि शक्य असेल तर त्याच स्थितीत आणखी नोंदी घ्या. आवडला नाही म्हणून आकडा काढायचा नसतो.

सरासरीबरोबर पसाराही दाखवा. प्रत्येक तापमानाला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नोंद किती, हे आलेखात उभ्या रेघेने दाखवलं तरी शाळेच्या पातळीवर पुरतं. दोन तापमानांच्या रेघा एकमेकींत बऱ्याच शिरत असतील, तर "फरक पडतो" असं ठामपणे म्हणू नका. नोंदी वाढवल्या तर सरासरी अधिक भरवशाची होते, पण हळूहळू: चूक निम्मी करायला नोंदी चौपट घ्याव्या लागतात.

एक जोडीची पद्धत सुचवतो. चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातलं अंतर सेकंदांत मोजा. उसळीची उंची (मीटरमध्ये) म्हणजे ९.८ (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) गुणिले त्या वेळेचा वर्ग, भागिले ८. वेळ ०.७२ सेकंद आली तर उंची येते सुमारे ०.६३५ मीटर, म्हणजे ६३.५ सेंटिमीटर. चित्रफितीतून ६४ आले असतील तर दोन वेगळ्या वाटांनी तुम्ही जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचलात. आणि दोन्ही जुळले नाहीत तरी निराश होऊ नका. का जुळले नाहीत हे शोधण्यात गेलेली संध्याकाळ पुढे मुलाखतीत सर्वांत जास्त कामी येते.

फलक

यावर मी कमी बोलणार आहे, कारण इथे गट गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. प्रश्न सर्वांत वर, मोठ्या अक्षरात. मध्यभागी मुख्य आलेख, अक्षांवर नावं आणि एककं. डावीकडे पद्धत, मांडणीच्या एका स्वच्छ फोटोसह. उजवीकडे निष्कर्ष आणि राहिलेल्या त्रुटी. दोन मीटरवरून मुख्य अक्षरं वाचता आली पाहिजेत. चकचकीत कागद, झालरी, इंटरनेटवरून उतरवलेली चित्रं नकोत. कुणाची मदत घेतली हे खाली स्पष्ट लिहा: शिक्षक, पालक, संगणकावरचं कुठलं साधन, सगळं. मदत घेण्यात कमीपणा नाही, ती झाकण्यात आहे.

मजकूर लिहून झाला की विज्ञान न शिकलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला वाचायला द्या. तो जिथे अडेल ते वाक्य बदला.

परीक्षक समोर उभे राहतात तेव्हा

आयसेफच्या गुणपत्रकात १०० पैकी ३५ गुण सादरीकरणाला आहेत आणि त्यातले २५ केवळ मुलाखतीला. फलकाला १०. लहान स्पर्धांत आकडे वेगळे असतील, पण तोल बहुधा असाच असतो.

सुरुवातीला दोन मिनिटांत सगळा प्रकल्प सांगता आला पाहिजे, आणि तो तिघांपैकी कुणालाही. पाठांतर करू नका. पाठ केलेलं वाक्य मध्येच तुटलं की मूल सैरभैर होतं. त्याऐवजी आलेखाकडे बोट दाखवून सुरुवात करा. "आम्ही हे शोधलं" आणि मग "ते असं शोधलं". आधी उत्तर, मागाहून वाट.

सरावासाठी गटातल्या दोघांनी परीक्षक व्हावं आणि तिसऱ्याला हे विचारावं: हाच प्रश्न का घेतला? याच तापमानांवर का थांबलात? चेंडूच्या गाभ्याचं तापमान खरंच तेवढं होतं हे कशावरून? तुमच्या प्रयोगातला सर्वांत कच्चा दुवा कोणता? पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल? तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत?

गाभ्याच्या प्रश्नाला बहुतेक गट गडबडतात. खरं उत्तर असं असू शकतं: "आम्ही गाभ्याचं तापमान मोजलं नाही. अर्धा तास आणि एक तास ठेवलेल्या चेंडूंची उसळी ताडून पाहिली, फरक दिसला नाही, म्हणून अर्धा तास पुरेसा धरला." हे उत्तर देता यावं म्हणून ती ताडणी चाचणीच्या आठवड्यातच करून ठेवायची. आणि केली नसेल तर "हे आम्ही तपासलं नाही, तपासायला हवं होतं," असं सरळ सांगा. परीक्षक म्हणून मला त्या वाक्याने कधीही गुण कापावेसे वाटले नाहीत. बनवून दिलेल्या उत्तराने मात्र वाटले आहेत.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न येणारच. इथे "मानवजातीला फायदा होईल" असलं काही बोलू नका. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या थंड सकाळी रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांची लवचिकता घटली होती. चौकशी आयोगाच्या जाहीर बैठकीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा छोट्या शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून शिकंजा सोडला, तर रबर पटकन मूळ आकारात आलं नाही. थंडीत रबर मंदावतं, हे त्यांनी पेलाभर पाण्यात सगळ्यांना दाखवलं. तुम्ही चेंडूवर तीच गोष्ट पाच तापमानांत आकड्यांनी मोजली आहे, एवढं सांगितलंत तरी पुरे.

एकजण बोलत असताना इतरांनी त्याच्याकडे आणि परीक्षकांकडे बघावं, मध्येच दुरुस्त करू नये. त्याचं वाक्य संपल्यावर "यात एक भर घालू का?" असं विचारावं. गट खरोखर एकत्र राबला आहे की नाही, हे परीक्षकांना बहुधा इथेच कळतं.

त्या दिवशी आणि त्यानंतर

पिशवीत दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कात्री, जादा पेन, आलेखाची छापील प्रत, मूळ नोंदवही, पाण्याची बाटली. यंत्र चालवून दाखवायचं असेल तर ते चालतानाची चित्रफीत मोबाइलमध्ये ठेवा. ऐन वेळी वीज गेली किंवा तार तुटली तरी दाखवता येतं. तासाभराच्या अंतराने एकेकाने शेजारची टेबलं बघून यावं, पण टेबलापाशी दोघे कायम असावेत.

परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळले की लगेच त्यांचे प्रश्न वहीत उतरवून घ्या, शब्दशः जमेल तितके. निकाल काहीही लागो, पुढच्या बैठकीत आधी ते पान उघडा. आमच्या चेंडूवाल्या गटाला कुणी तरी विचारलं होतं, "चेंडू शंभर वेळा आपटून गरम केला, तर तो पाण्यात तापवलेल्या चेंडूइतकाच उसळेल का?" त्या पानाखाली मुलांनी त्याच संध्याकाळी नव्या आलेखाचे दोन अक्ष काढून ठेवले होते.